न्यूरोप्रोटेक्शन खरंच मेलंय का, आणि पीएचडी पेनमध्ये करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.फार्म. फार्माकॉलॉजीचं दुसरं वर्ष, गाईड म्हणतायत पीएचडीला न्यूरोप्रोटेक्शनच (मेंदूच्या, नसांच्या पेशी मरण्यापासून वाचवणं) घे, एखाद्या वनस्पतीचा अर्क, रॅटमध्ये स्ट्रोक मॉडेल, चार अँटिऑक्सिडंट पॅरामीटर, दोन पेपर, झालं काम. तुला स्वतःला पेनमध्ये, म्हणजे वेदनेवरच्या संशोधनात, रस आहे. एक सीनियर म्हणाला न्यूरोप्रोटेक्शन कधीच मेलंय, नोकऱ्या पेनमध्ये आहेत. आणि घरचे विचारतायत की एवढं शिकून पुढे काय.

मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी असणार म्हणून एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस. माझी पीएचडी स्ट्रोकवरची, पोस्टडॉकला पेनमध्ये शिरले, मग काही वर्षं कंपनीच्या इन-व्हिवो (जिवंत प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या) ग्रुपमध्ये काढली, आता शिकवते आणि छोटी लॅब सांभाळते. म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे कुणा एकाची वकिली करायचं मला काही कारण नाही.

तू विचारलंयस कुठला विषय घेऊ, पण मला तुझी अडचण जरा वेगळी दिसते. या दोन्ही क्षेत्रांत बहुतेक औषधं माणसापर्यंत पोचून आपटतात, हे गृहीत धरूनच आत यायचं. मग तुझा मॉलिक्यूल पडला की तुझ्या हातात काय उरतं ते आधी बघ. ज्याचा सर्जरीवर हात बसलाय, ज्याला वर्तन मोजता येतं, ज्याचा डेटा दुसऱ्या लॅबमध्येही तसाच येतो त्याला मॉलिक्यूल बदलला तरी काम मिळतं, आणि ज्याच्याकडे फक्त “अमुक अर्काचा न्यूरोप्रोटेक्टिव्ह इफेक्ट” एवढंच आहे त्याची गाडी थिसिस जमा केल्यावर अडते. बाकी तुला फेलोशिप आहे का, शहर सोडून जाता येईल का, गाईडच्या लॅबमध्ये खरंच काय सामान आहे यावर बरंच अवलंबून आहे आणि ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मी सरसकट “हे कर” म्हणणार नाही, मी कसा विचार करते ते सांगते.

आधी “मेलंय” बद्दल. हे कुठून आलं ते समजून घे. मेंदूला रक्त कमी पडलं की पेशींमधून ग्लुटामेट हे रसायन भसाभसा बाहेर पडतं, ते ज्यांना चिकटतं ते पेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर उघडे राहतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. संशोधक ओल्नीने १९६९ च्या सुमाराला यासाठी एक्सायटोटॉक्सिसिटी हा शब्द वापरला, पुढे ऐंशीच्या दशकात सगळ्यांना वाटलं की आता काय, एनएमडीए ब्लॉक केला की स्ट्रोकवर औषध मिळालंच. सेल्फोटेल आलं, ॲप्टिगॅनेल आलं, दोन्ही एनएमडीए ब्लॉकर माणसांत फेल. २००६ साली एक मोजदाद छापून आली त्यात स्ट्रोकसाठी प्रयोगात वापरलेले १,०२६ उपचार निघाले आणि त्यातले शंभराच्या वर माणसांपर्यंत गेलेले, आणि न्यूरोप्रोटेक्टंट म्हणून हातात काय आलं तर जवळपास शून्य.

त्यात सगळ्यात जिव्हारी लागलं ते एनएक्सवाय-०५९. १९९९ मध्ये स्टेअर नावाची शिफारस आली होती, की औषध माणसात नेण्याआधी प्राण्यांत काय काय सिद्ध करायचं, आणि हे औषध त्या चाळणीतून व्यवस्थित गेलंय असं सगळे म्हणायचे. पहिली ट्रायल सेंट-१, २००६ च्या सुरुवातीला छापली, फायदा दिसला. त्याच वर्षाच्या शेवटी सेंट-२ चा निकाल, तीन हजारांहून जास्त पेशंट, फायदा काहीच नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी स्ट्रोकमधून एकेक करून काढता पाय घेतला, तुझा सीनियर जे ऐकून आलाय ते या काळातलं. पुढे लोकांनी त्या औषधाचे प्राण्यांवरचे पेपर परत तपासले तेव्हा दिसलं की जिथे रँडमायझेशन (कुठल्या प्राण्याला औषध हे चिठ्ठी टाकून ठरवणं) आणि ब्लाइंडिंग (मोजणाऱ्याला ते माहीत नसणं) नव्हतं तिथे औषध जास्त गुणकारी दिसत होतं. हे वाक्य दोनदा वाच, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

तरी मेलंय असं मी म्हणणार नाही, कारण २०१५ मध्ये परिस्थिती बदलली. त्या वर्षी थ्रॉम्बेक्टॉमीच्या पाच ट्रायल आल्या, म्हणजे कॅथेटर घालून गुठळी ओढून काढायची, आणि निवडक पेशंटमध्ये ही मुदत २०१८ पासून २४ तासांपर्यंत गेली. आधी औषध द्यायचो पण रक्तवाहिनीच बंद, तिथे औषध पोचणार कसं. आता वाहिनी उघडते, म्हणजे औषध जाऊ शकतं, आणि आपण रॅटमध्ये जे करतो, फिलामेंट घालून वाहिनी बंद करायची आणि थोड्या वेळाने काढून घ्यायची, ते पहिल्यांदाच माणसाच्या आजारासारखं दिसायला लागलं. नेरिनेटाईड नावाचं पेप्टाईड याच आशेवर आलं. २०२० च्या ट्रायलमध्ये एकूण फायदा नाही, पण ज्यांना गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज दिलं नव्हतं त्यांच्यात काहीतरी दिसलं, कारण अल्टेप्लेजमुळे तयार होणारं प्लाझमिन त्या पेप्टाईडचे तुकडे करतं. मग फक्त अल्टेप्लेज न घेतलेल्यांवर ट्रायल केली तर त्यातही मुख्य निकाल आला नाही. म्हणजे जिवंत आहे, पण आयसीयूत आहे म्हण हवं तर.

आणि आपल्याकडचा एक गोंधळ. तुला वाटेल औषध नाही म्हणता मग आमच्या आजोबांना स्ट्रोकनंतर सिटिकोलिन आणि एडारावोन कसं दिलं? देतात, सर्रास देतात. सिटिकोलिनची इक्टस ट्रायल २०१२ ची, दोन हजारांवर पेशंट, फरक दिसला नाही. एडारावोन जपानमध्ये २००१ पासून स्ट्रोकला आहे, अमेरिकेत मात्र २०१७ मध्ये मंजुरी मिळाली ती एएलएसला, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराला. प्रिस्क्रिप्शनवर दिसतंय म्हणजे सिद्ध झालंय असं समजून थिसिसची प्रस्तावना लिहू नकोस, एक्झॅमिनर नेमकं तिथेच धरतो.

प्राण्यांत चालतं आणि माणसांत नाही, हे का होतं? नेहमीची कारणं तू वाचली असशील, आपला रॅट तरुण, धडधाकट आणि नर असतो, औषध वाहिनी बंद करायच्या आधी किंवा लगेच देतो, आणि पेशंट सत्तरीतला, शुगर बीपी असलेला, तालुक्याच्या गावाहून सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत पाच तास गेलेले. सेव्हरच्या २००६ च्या हिशोबाने मोठ्या वाहिनीच्या स्ट्रोकमध्ये मिनिटाला १९ लाख न्यूरॉन जातात, तर पाच तासांनी वाचवायला उरलंय काय ते बघ. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते एक साधं कारण, ज्याबद्दल कॉलेजात कुणी बोलत नाही: तापमान.

मेंदू दोन-तीन डिग्री थंड झाला की इस्किमियात (रक्त कमी पडण्यात) आपोआप वाचतो. एमके-८०१ हे एनएमडीए ब्लॉकर गर्बिलमध्ये (उंदरासारखा छोटा प्राणी) जबरदस्त काम करायचं, १९९० मध्ये बुकन आणि पुल्सिनेली यांनी दाखवलं की औषधामुळे प्राणी तासन्‌तास थंड राहतो, त्याला गरम ठेवलं की सगळं संरक्षण गायब. आता तुझ्या लॅबचा विचार कर. भूल दिलेला रॅट टेबलावर, एसी चालू, मान उघडी, मानेतल्या एक्स्टर्नल कॅरॉटिड धमनीमधून सिलिकॉन लावलेलं नायलॉनचं फिलामेंट आत सरकवताना हाताला किंचित अडल्यासारखं लागतं तिथे थांबायचं, आणि या सगळ्यात गुदाशयातला प्रोब आणि खालचा हीटिंग पॅड बघायला कुणाला वेळ असतो? २४ तासांनी मेंदूचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून टीटीसी नावाच्या रंगद्रव्यात ठेवतो, जिवंत भाग लालबुंद होतो, मेलेला पांढराफटक राहतो, औषधाच्या ग्रुपमध्ये पांढरं कमी दिसलं की सगळे खूश. पण अर्कामुळे प्राणी सुस्तावून नुसता थंड पडला असेल तरी चित्र डिट्टो हेच दिसतं. मी कुणाचाही स्ट्रोकचा पेपर हातात घेतला की आधी मेथड्समध्ये तापमान शोधते, नसेल तर पुढे वाचायची घाई करत नाही.

(आणि थंड करणं हाच उपचार का नाही, असं विचारशील. नवजात बाळांत जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडला तर श्रीमंत देशांत ते करतात आणि उपयोग होतो. पण भारत, श्रीलंका, बांगलादेशात हेलिक्स ट्रायल झाली, २०२१ मध्ये छापली, ४०८ बाळं, त्यात थंड केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले, ४२ टक्के विरुद्ध ३१. दुसरीकडचा निकाल इथे जसाच्या तसा लागू होत नाही हे आपल्याला याहून स्पष्ट कुणी सांगायला नको.)

आता पेन. इथे नोकऱ्या जास्त आहेत हे थोडंफार खरं, पण इथेही थडगी कमी नाहीत. सबस्टन्स पी या वेदनेचा निरोप नेणाऱ्या रसायनाचा एनके-१ रिसेप्टर ब्लॉक केला की प्राण्यांत वेदना कमी, माणसांत नाही, आणि शेवटी त्याच घराण्यातलं ॲप्रेपिटंट २००३ मध्ये केमोच्या उलट्यांवर आलं. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा रिसेप्टर टीआरपीव्ही-१, ज्युलियसच्या लॅबने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्याला पॅटापूटियनसोबत नोबेल मिळालं, पण त्याचे ब्लॉकर दिले की माणसांना ताप चढायला लागला आणि गरम वस्तू चटका देतेय हेही नीट कळेना. आपल्या मुंबईच्या ग्लेनमार्कचाही यात एक मॉलिक्यूल होता, जीआरसी ६२११, २००७ मध्ये एली लिलीने लायसन्स घेतलं आणि पुढच्याच वर्षी ट्रायल थांबल्या. टॅनेझुमॅब या इंजेक्शनने सांधेदुखी कमी केली पण काहींचे सांधेच वेगाने खराब झाले, २०२१ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी नकार दिला.

पण पेनमध्ये एक गोष्ट आहे जी स्ट्रोकमध्ये नाही, ती म्हणजे माणसाच्या जनुकांतून आलेला पुरावा. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास आला, त्यांना जन्मापासून वेदनाच कळत नव्हती, आणि कारण निघालं सोडियम चॅनल एनएव्ही १.७ चं जनुक बिघडलेलं. तिथून सगळ्यांच्या नजरा या चॅनल्सकडे वळल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या भावंडावर, एनएव्ही १.८ वर काम करणारं सुझेट्रिजिन अमेरिकेत मंजूर झालं, ओपिऑइड नसलेलं, ॲक्यूट पेनसाठी. लगेच नाचायला जाऊ नकोस, ओपिऑइडच्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, आणि सायटिकासारख्या दुखण्यात दुसऱ्या टप्प्यात प्लासिबो घेतलेल्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. पेन ट्रायल्सचं हे कायमचं दुखणं आहे, साखरेची गोळीही दुखणं थांबवते. तरी दार उघडलंय, आणि कंपन्या अशा वेळी माणसं घेतात.

कोणती माणसं घेतात? ज्यांना मोजता येतं अशी. न्यूरोपॅथिक पेनचं (नस बिघडल्याने होणाऱ्या वेदनेचं) सीसीआय मॉडेल घे, बेनेट आणि शी यांचं १९८८ चं. मांडीत सायॅटिक नर्व्ह (पायाची मोठी नस) मोकळी करून क्रोमिक कॅटगट या सर्जरीच्या दोऱ्याच्या चार सैलसर गाठी मारायच्या, एकेका मिलिमीटरवर, आणि “सैलसर” म्हणजे किती हे कुठलाही पेपर तुला शिकवू शकत नाही, पायाचा स्नायू जेमतेम फडकला की थांबायचं, जास्त आवळलीस तर पाय लुळा, कमी तर वेदनाच नाही. मग व्हॉन फ्राय, म्हणजे ठरावीक जोराने वाकणाऱ्या बारीक फिलामेंटने वेदना मोजणं. रॅटला जाळीवर ठेवायचं आणि गप्प बसायचं, तो हुंगतो, उभा राहतो, अंग चाटतो, ते सगळं थांबून तो स्थिरावेपर्यंत काही करायचं नाही, मग खालून तळपायाच्या मधोमध फिलामेंट टेकवायचं, ते किंचित वाकेल एवढंच, आणि काही सेकंद धरायचं. पाय झटकला, चाटला तर हो. नुसता चालायला म्हणून उचलला तर ते धरायचं नाही. निरोगी रॅट १५ ग्रॅमलाही दाद देत नाही, सीसीआय झालेला चारच्या खाली पाय ओढतो. आता हो की नाही हे तूच ठरवणार, आणि कुठल्या पिंजऱ्यात औषध आणि कुठल्यात सलाईन हे तुला माहीत असेल तर तुझा हात नकळत औषधाच्या बाजूने झुकणारच, त्यात तुझ्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच येत नाही. म्हणून कोडिंग दुसऱ्याने करायचं. शिवाय रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल टिकतो का याची चाचणी) केल्याशिवाय वेदनाशामक म्हणायचं नाही, कारण गुंगी आलेला प्राणी पाय ओढतच नाही. आणि एक गंमत, मॉगिलच्या ग्रुपने २०१४ मध्ये दाखवलं की प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या वासानेच उंदरांचा ताण वाढतो आणि वेदना दडपली जाते. तेव्हा मध्येच माणूस बदललास तर नोंद ठेव.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर स्ट्रोकमध्ये तापमान आणि पेनमध्ये ब्लाइंडिंग, या दोन जागी बेईमानी न करता कशी चुकीची उत्तरं येतात ते ज्या लॅबमध्ये शिकवतात ती लॅब घे.

आता तुझ्या द्विधेबद्दल: हे दोन विषय तू समजतेस तितके लांब नाहीत. स्ट्रोकमध्ये पेशी मारणारा तोच एनएमडीए रिसेप्टर मणक्यातल्या डॉर्सल हॉर्नमध्ये (वेदनेचा निरोप जिथे पोचतो तो भाग) वेदनेचा आवाज वाढवतो, यालाच सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात आणि ते वूल्फने १९८३ मध्ये दाखवलं. मायक्रोग्लिया, मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, दोन्हीकडे आहेत. मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक दोन्हीकडच्या प्राण्यांत “चालतं”, आणि एएलएसच्या पेशंटना दिलं तेव्हा २००७ च्या ट्रायलमध्ये त्यांची तब्येत उलट जास्त वेगाने ढासळली. मी स्ट्रोकमधून पेनमध्ये गेले तेव्हा वाचन फारसं नव्याने करावं लागलं नाही, हात मात्र नव्याने बसवावा लागला.

आणि दोन्ही विषय जिथे खरोखर एकत्र येतात अशी एक जागा आहे, मी तुझ्या जागी असते तर तिथे गेले असते: केमोथेरपीने होणारी न्यूरोपॅथी, म्हणजे नसांची इजा. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, बोर्टेझोमिब, या कॅन्सरच्या औषधांनी हातापायाला मुंग्या, आग, बधिरपणा येतो, शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि कित्येकदा त्यापायी कॅन्सरच्या औषधाचा डोस कमी करावा लागतो. इथे नर्व्ह वाचवणं हे न्यूरोप्रोटेक्शन आणि झालेलं दुखणं कमी करणं हे पेन. उपचारात अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांची संघटना शिफारस करते ती फक्त ड्युलोक्सेटिनची, आणि प्रतिबंधासाठी कशाचीच नाही. असिटिल-एल-कार्निटिन नर्व्हला चांगलं म्हणून दिलं तर २०१३ च्या ट्रायलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांची न्यूरोपॅथी वाढली. म्हणजे जागा रिकामी आहे. शिवाय स्ट्रोकमध्ये आजार कधी होणार हे माहीत नसतं, इथे केमोची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते, औषध आधी देता येतं, आपल्या प्राण्यांतल्या प्रयोगासारखंच. प्रयोगही तुलनेने स्वस्त, पॅक्लिटॅक्सेल २ मिलिग्रॅम प्रति किलो, दिवसाआड चार इंजेक्शनं पोटात, सर्जरी नाही. एकच धोका आहे आणि तो मोठा आहे, तुझं संरक्षक औषध कॅन्सरच्या पेशीलाही वाचवत असेल तर? म्हणून ट्यूमर सेल लाईनवर तपासायची सोय हवी, खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कॅन्सर संशोधन केंद्रात किंवा तुझ्याच विद्यापीठातल्या बायोटेकवाल्यांशी बोलून बघ.

अर्काबद्दल मी फार लिहीत नाही. वनस्पतीला माझा विरोध नाही, कॅप्सेसिन, मॉर्फिन, पॅक्लिटॅक्सेल सगळी तिथूनच आलीत. पण ज्या अर्कात काय आहे आणि त्यातलं काय मेंदूत पोचतं हे माहीत नाही त्याने एसओडी, कॅटालेज ही अँटिऑक्सिडंट एन्झाइम वाढली हे छापायला अजून एका पेपरची गरज नाही. गाईड हट्टी असतील तर निदान एक शुद्ध घटक घे आणि रक्तात, मेंदूत त्याची पातळी मोज.

पैशांचं सरळ सांगते. नेट परीक्षेची जेआरएफ (सरकारी फेलोशिप) असेल तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. ती नसेल, आणि घरून आधार नसेल, तर नुसत्या विद्यापीठाच्या पीएचडीत शिरू नकोस, आधी एखाद्या सीआरओत (कंपन्यांसाठी संशोधन करून देणाऱ्या संस्थेत) काम कर, हैदराबाद बंगळुरूला इन-व्हिवोची माणसं लागतात, वर्षा-दोन वर्षांत हातही बसतो. पीएचडीनंतर बरेच जण फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद) किंवा मेडिकल रायटिंगला जातात, पुण्या-मुंबईत ती कामं भरपूर आहेत, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही, पण तेवढंच करायचं असेल तर पाच वर्षं उंदरांमागे घालवायची गरजही नाही.

गाईडशी वाकडं घेऊ नकोस. त्यांना जाऊन तीन गोष्टी बघायला माग: सर्जरीची तापमानाची नोंदवही, ग्रुपचं कोडिंग कोण करतं ते, आणि लॅबमधला एखादा निगेटिव्ह निघालेला प्रयोग. तिसरी मागितल्यावर चेहरा कसा होतो ते बघ. पहिल्या दोन असतील तर न्यूरोप्रोटेक्शनच घे आणि त्यातच पॅक्लिटॅक्सेलचं मॉडेल सुचव, त्यांच्या विषयातही बसतं आणि तुझ्याही, आणि व्हॉन फ्रायचा संच काही फार महाग नाही. काहीच नसेल तर दुसरी लॅब शोध, पेनवाली असो की स्ट्रोकवाली. आणि जे काही ठरेल त्याचा फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) आत्तापासून लिहायला घे, आयएईसीच्या (कॉलेजच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या) मीटिंग कॉलेजागणिक मोजक्याच असतात, एक हुकली की सहा महिने हातावर हात. त्यात प्राण्यांची संख्या कशी काढलीस आणि दुखणं किती वाढलं की प्राण्याला त्रास न देता मारून वेदनेतून सोडवायचं ही दोन कलमं नीट लिही, पेनच्या प्रपोजलमध्ये समिती हमखास त्यावरच अडवते. अडलीस तर इथेच लिही, मसुदा बघून देईन.